पोचल्याचा निरोप

वासुदेवअण्णांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मी मूळचा पुण्याचा, त्यात स्वभावाने चिडका. बेंगळुरूत व्हाइटफील्डला नवी नोकरी लागली तेव्हा रात्री ऑफिसची गाडी घरी सोडायची. अंथरुणावर अंग टाकतो न टाकतो तोच फोन वाजायचा. पलीकडून संथ आवाज यायचा, "शंतनु सर, पोचलासा का?"

काही दिवस मी "हो, पोचलो" म्हणत राहिलो. मग एकदा डोकं फिरलं. म्हणालो, "अहो, गाडी तुमची, ड्रायव्हर तुमचा, नकाशावर ठिपका दिसतोय तुम्हाला. मी काय वाटेत विरघळणार आहे का?"

पलीकडून उत्तर आलं, "ठिपका गाडीचा दिसतोय सर. माणसाचा न्हाई दिसत."

मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी हा माणूस आहे तरी कोण ते बघायला मी मुद्दाम तळघरात उतरलो. जनरेटरच्या खोलीला लागून ऑफिसच्या गाड्यांवर लक्ष ठेवणारं एक काचेचं केबिन होतं. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, समोर नकाशाचा पडदा, दोन फोन, आणि पन्नाशीकडे झुकलेला, गोल चेहऱ्याचा, कपाळावर गंधाचा बारीक ठिपका लावलेला माणूस. निपाणीचे. ड्रायव्हरांशी कानडी बोलायचे, वॉचमनशी हिंदी, घरच्या फोनवर मराठी, आणि चिडले तर तिन्ही भाषा एकदम. पण चिडणं क्वचितच. समोरचा कितीही भडकला तरी "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणून ऐकून घ्यायचे. सगळं ऑफिस त्यांना अण्णा म्हणायचं.

रात्रीच्या गाडीत मुलगी शेवटची उतरणार असेल तर सोबत गार्ड द्यायचा, हा कंपनीचा नियम. अण्णांचा त्यापुढचा एक स्वतःचा होता. घरात शिरल्यावर मुलीनं त्यांच्याशी फोनवर बोललंच पाहिजे. मेसेज चालणार नाही. "मेसेज कोण बी कुठनं बी पाठवतंय," म्हणायचे. "आवाज ऐकला की कळतंय, माणूस रस्त्यावर हाय का घरात." एका मुलीनं एकदा नुसता अंगठा पाठवून फोन बंद केला. अण्णांनी मल्लाप्पा नावाच्या ड्रायव्हरला अर्ध्या वाटेतून माघारी पिटाळलं आणि मुलीच्या आईला झोपेतून उठवून पोरगी आत आहे ना याची खात्री करून घेतली. तक्रार झाली. अण्णांनी ती "सरी" म्हणून ऐकली आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच केलं. यामागे काहीतरी जुनं दुःख असणार असं मी धरून चाललो होतो. विचारलं तर म्हणाले, "तसं काय न्हाई. मला झोप येत न्हाई, एवढंच."

पुढे मी त्यांच्याच सोसायटीत घर घेतलं आणि महानंदावहिनींची ओळख झाली. अण्णा जितके संथ तितक्या या तुरतुरीत. होसकोटेला गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळायच्या. बोलणं घाईचं, चालणं घाईचं, आणि जीव दोनच गोष्टींत : नवऱ्यात आणि स्टीलच्या डब्यांत. प्रत्येक डब्यावर नाव कोरलेलं. एखादा डबा शेजारी गेला की तो परत येईपर्यंत बाईंना चैन नसायची. माझ्या बायकोकडे, मुग्धाकडे, एकदा त्यांचं एक झाकण राहिलं, तर त्यांनी लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीवाल्यापाशी इतक्यांदा चौकशी केली की शेवटी मीच वैतागून ते नेऊन दिलं. सगळ्यांत लाडका होता तो पुरणपोळ्यांचा मोठा डबा. त्यावर कोरलं होतं, 'चि. महानंदास, ठकुबाईकडून'. ठकुबाई म्हणजे वहिनींच्या आई. त्या आता नाहीत.

सकाळी अण्णा रात्रपाळी करून घरी यायचे आणि वहिनी कामाला निघायच्या. मग अण्णा ओट्यावर चहा झाकून ठेवून बसायचे. फोनवर वहिनींचा एका शब्दाचा निरोप यायचा, "पोचले." तो आला की झाकण काढायचे. मी एकदा चिमटा काढला, "ऑफिसच्या पोरींकडून आवाज पाहिजे आणि वहिनींचा मेसेज चालतो होय?"

अण्णा हसले. "बायको खोटं कशाला लिहील सर?"

अशा माणसाला शिडाच्या बोटीत बसवायची कल्पना अजिंक्यची. अजिंक्य माझ्याच टीममधला, मुंबईचा, शिडाच्या बोटींचं वेड लागलेला. शनिवार-रविवार कुठल्याशा तलावावर जाऊन रीतसर शिकून आला होता. यंदा थंडीत त्याने बेत काढला : होन्नावरहून दोन लहान शिडाच्या बोटी भाड्याने घ्यायच्या आणि किनाऱ्याजवळच्या बेटांमधून दोन दिवस हिंडायचं. तीन जोडपी. तो आणि त्याची बायको प्रणिता, मी आणि मुग्धा, आणि अण्णा-वहिनी. मागे एकदा पावसात सगळं व्हाइटफील्ड तुंबलं होतं तेव्हा अण्णांनी रात्रभर फोनवर राहून ऑफिसच्या गाडीत अडकलेल्या प्रणिताला घरी पोचवलं होतं. त्याची परतफेड म्हणून अजिंक्यने आग्रह केला. अण्णांना पाण्याची भीती. पोहायला तर दोघांनाही येत नव्हतं. पण वहिनींचा चेहरा असा काही फुलला की अण्णांच्या तोंडून "सरी" निघून गेलं.

पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या बोटीवर नागराज नावाचा तिथलाच खलाशी होता. पहिल्या बोटीचं सुकाणू अजिंक्यकडे. दर वेळी बोटीत चढताना-उतरताना अण्णा बोट दाखवून डोकी मोजायचे. अजिंक्य म्हणायचा, "अण्णा, सहा माणसं आहेत. ही काय रात्रपाळी आहे का?" अण्णा मान डोलवायचे आणि पुन्हा मोजायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका ओसाड बेटावर जेवायला थांबलो. पुढच्या बाजूला किनाऱ्याकडे तोंड केलेली वाळूची पट्टी. मागच्या बाजूला, समुद्राकडे, एक मोठा काळा खडक सुटा उभा. बेटाला तो जोडला होता वाळूच्या एका अरुंद वाटेने. नागराज त्याला 'हिंदिन कल्लु' म्हणायचा, म्हणजे मागचा दगड. तिथे सावली होती म्हणून आम्ही वाटेवरून चालत जाऊन त्याच्या बुडाशी जेवायला बसलो. ठकुबाईंच्या डब्यातल्या पोळ्या सगळ्यांनी बोटं चाटत खाल्ल्या.

निघायची वेळ झाली तेव्हा वारा छान होता आणि अजिंक्यला घाई होती. बोटी जरा खोल पाण्यात नांगरलेल्या. नागराजने छोट्या होडीतून आधी आम्हा तिघा पुरुषांना सामानासकट आमच्या बोटीवर सोडलं आणि तो बायकांना आणायला परत गेला. आम्ही होडीत बसलो तेव्हा वहिनी वाळूवर उभ्या होत्या. "मी बायकांच्या संगट येते, तुम्ही व्हा पुढं," म्हणाल्या होत्या. अजिंक्यने शीड उभारलं. ऊन डोळ्यांवर येत होतं, किनाऱ्यावरचं धड काही दिसत नव्हतं. अण्णा म्हणाले, "थांबा. तिचं कळूदे." अजिंक्य दोरी धरून धुसफुसत उभा राहिला. इतक्यात अण्णांचा फोन वाजला. त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, "बोटीत पोचले. निघा तुम्ही."

"चला," अण्णा म्हणाले, आणि आम्ही निघालो.

पुढचं बेट वाऱ्याच्या ओघात होतं, त्यामुळे आम्ही झपझप गेलो. नांगर टाकून मागच्या बोटीची वाट बघत बसलो. ती आली. अण्णा टोकाशी उभे राहून बोट दाखवून मोजत होते. मुग्धा. प्रणिता. नागराज. मग पुन्हा पहिल्यापासून. बोट जवळ आली तरी त्यांचं बोट हवेत तसंच.

"महानंदा झोपलीय का खाली?"

मुग्धाने आमच्या बोटीत डोकावून पाहिलं. "वहिनी तुमच्याबरोबर नाहीत?"

अण्णांनी खिशातून फोन काढला आणि मुग्धासमोर धरला. "तिनं लिवलंय. बोटीत पोचले. हे बगा."

मुग्धाने तो निरोप वाचला. "अण्णा, त्या नेहमीच आधी पाठवतात," ती म्हणाली. "म्हणजे, होसकोटेच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये असतात ना, तेव्हाच पाठवून देतात. स्वल्प उशीर झाला की तुम्ही चहा न घेता बसता म्हणून. आम्हा सगळ्यांना माहितीये. आम्हाला वाटलं, त्या पहिल्या फेरीत तुमच्याबरोबर गेल्या. आम्ही तिकडे पाण्यात फोटो काढत होतो. नागराजने इकडेतिकडे बघून विचारलं 'अष्टेना', मी म्हटलं हो, एवढेच."

अण्णांनी वहिनींचा नंबर काढला. फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच.

प्रणिता हळूच म्हणाली, "त्या डब्याचं काहीतरी म्हणत होत्या."

मग सगळं लख्ख दिसलं. जेवून उठताना ठकुबाईंचा डबा मागच्या दगडापाशी राहिला. वहिनींना तो वाळूवर आल्यावर आठवला. होडी परत यायला वेळ आहे, तेवढ्यात पळत जाऊन आणू, आणि नवरा पुढच्या बोटीत जीव मुठीत धरून बसलाय, त्याला आधी मोकळा करू. लिहून टाकलं. रोजच्यासारखं.

नागराजला प्रणिताने कानडीत सांगितलं तसा तो झटकन उठला. "नीरु एर्ताइदे," म्हणाला. पाणी चढतंय. भरतीला ती वाळूची वाट बुडते, दोन्हीकडून लाटा येऊन तिथे ओढ लागते. खडकाचं फक्त डोकं वर राहतं, तेही भिजतं. त्याच्या बोटीला लहानसं इंजिन होतं, पण येताना त्याच्या पंख्यात जाळ्याचा तुकडा गुरफटला होता. तो कापून काढल्याशिवाय इंजिन चालणार नव्हतं. मुग्धाने आपत्कालीन नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, बंदरावरून बोट पाठवतो म्हणाल्या. बंदर लांब होतं.

"आपण शिडावर जाऊ," अजिंक्य म्हणाला. होडी आमच्या बोटीच्या मागे बांधली आणि आम्ही तिघे निघालो. नागराज सुरी घेऊन पाण्यात उतरला.

आता वारा समोरून होता. शिडाच्या बोटीला वाऱ्यात सरळ घुसता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ती तिरकी जाते, मग वळते, मग दुसरीकडे तिरकी जाते. बेट समोर दिसत होतं आणि आम्ही त्याच्याकडे पाठ करून चाललो होतो. अण्णा ताडकन उठले. "अजिंक्य सर, बेट तिकडं हाय. तुम्ही इकडं कुठं चाललाय?"

"अण्णा, बसा. असंच जावं लागतं. सरळ नेली तर बोट जागची हलणार नाही."

आयुष्यभर या माणसाने चुकीचं वळण घेणाऱ्या ड्रायव्हरांना फोन केले. नकाशावर ठिपका वाट सोडताना दिसला की त्यांचा हात आधी फोनकडे जायचा. आता ते स्वतः त्या ठिपक्यात बसले होते आणि फोन करायला कुणी नव्हतं. बोट वळली की त्यांची मान बेटाकडे वळायची. शीड फडफडलं की दोरीला हात घालायचे आणि अजिंक्य ओरडायचा, "सोडा ती."

थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, "रोजच?"

"काय रोजच?"

"मुग्धाताई म्हणाल्या ते. रोजच आधी पाठवती?"

मी अजिंक्यकडे बघितलं.

"मग इतकी वर्षं मी च्या घेत होतो तवा ती कुठं असायची?"

"अण्णा, ते आत्ता सोडा," मी खेकसलो. माझं लक्ष पाण्यावर होतं. दुपारी जिथे कोरडे काळे दगड होते तिथे आता फेस दिसत होता.

"ती गप बसायची न्हाई सर," अण्णा म्हणाले. "तिला वाटंल, मी पुढच्या बाजूला हुडकायला येणार. मला वाट बघाय लागू नये म्हणून ती पाण्यातनं यायला बघंल. मी वळखतो तिला." आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. फोन दोन्ही हातांत धरून खाली बघत बसले.

तीन की चार वळसे घेऊन आम्ही बेटाच्या पुढच्या बाजूला आलो तेव्हा सूर्य पार खाली आला होता. वाळूवर कुणी नव्हतं. अण्णांनी हाक मारली. अण्णांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, तो चिरका लागत होता. उत्तर नाही. अजिंक्यने बोट बेटाच्या कडेकडेने मागे नेली. वाळूची वाट कुठे होती तेही कळत नव्हतं. दोन बाजूंनी लाटा येत होत्या, एकमेकींवर आपटत होत्या आणि त्यांच्यामधून पाणी जोरात वाहत होतं. पलीकडे मागचा दगड. बुडाशी आम्ही जेवलो ती जागा पाण्याखाली. वर कुणी दिसत नव्हतं.

अण्णा खाली बसले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात टण्ण असा आवाज आला. मग परत. वाऱ्यावरून, खडकाच्या पलीकडून. दगडावर भांडं वाजल्यासारखा.

"डबा," अण्णा म्हणाले.

खडकाच्या मागच्या अंगाला, वरच्या एका खोबणीत वहिनी अंग चोरून बसल्या होत्या. एका हाताने दगड धरलेला, दुसऱ्या हातातल्या धोंड्याने डबा बडवत होत्या. लाट फुटली की पाण्याचे शिंतोडे त्यांच्या अंगावर जात होते. अजिंक्यला बोट जवळ नेता येईना, खडकावर आदळली असती. तो म्हणाला, मी बोट सोडू शकत नाही, होडीतून कुणीतरी जायला हवं. मी आयुष्यात कधी वल्हं मारलं नव्हतं. तरी मी उतरलो, कारण दुसरं कुणी नव्हतं. अण्णा माझ्या आधी उतरले होते. ज्या माणसाला बोटीच्या कडेशी उभं राहायचीही धास्ती, तो त्या हलत्या होडीत गुडघे टेकून पुढे झुकला होता. अजिंक्यने होडीला लांब दोर बांधून दुसरं टोक स्वतःकडे ठेवलं.

मी वल्हं मारत होतो की पाणी बडवत होतो, देव जाणे. लाट उचलायची, खाली टाकायची, खडक एकदम जवळ यायचा आणि एकदम लांब जायचा. दोनदा आम्ही पोचता पोचता मागे फेकले गेलो. तिसऱ्यांदा अण्णांनी खडकाची एक कड दोन्ही हातांनी पकडली. तळहात सोलून निघाले, पण त्यांनी सोडली नाही.

"ये," म्हणाले. एवढंच.

वहिनी घसरत घसरत खाली आल्या. कंबरेपर्यंत चिंब, एका नडगीवरून रक्त ओघळत होतं. "आधी डबा घ्या," म्हणाल्या.

मला वाटलं आता अण्णा तो डबा समुद्रात भिरकावणार. मी असतो तर भिरकावला असता. अण्णांनी तो जपून घेतला, होडीच्या तळाशी ठेवला, आणि मग वहिनींच्या दंडाला धरून त्यांना आत ओढलं. अजिंक्यने दोर खेचला. बोटीवर चढताना नागराजच्या इंजिनाची धडधड ऐकू आली. तो येत होता.

बंदरावरच्या बोटीला मुग्धाने फोन करून कळवलं. आम्ही किनाऱ्याकडे निघालो. आता वारा पाठीशी होता. वहिनी टॉवेल गुंडाळून बसल्या होत्या, अण्णा शेजारी. अण्णांच्या तळहातांना मी रुमाल बांधला तर ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. वहिनींनी डबा मांडीवर घेतला, घट्ट बसलेलं झाकण उघडलं आणि आतून आपला फोन काढला. कोरडा ठणठणीत. डब्याला एका अंगाला मोठा पोचा आला होता, 'ठकुबाई' या अक्षरांवरच. वहिनी त्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.

किनाऱ्याचे दिवे दिसायला लागले तसा अण्णांचा फोन वाजला. मग पुन्हा. मग एकामागून एक. वहिनींच्या फोनला रेंज आली होती आणि खडकामागे अडकलेले निरोप आता निघाले होते. पाठवणारी शेजारीच बसली होती. अण्णांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मी शेजारून वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं.

"डबा मिळाला. आलेच."

"वाट पाण्यात गेली. होडी इकडे पाठवायला सांगा."

"बोट दिसत नाही. निघालात का?"

"चालत यायला बघते."

आणि शेवटचा, "वर पोचले. इथं पाणी येत नाही. सावकाश या."

अण्णांनी तो शेवटचा परत वाचला. मग वहिनींच्या ओल्या साडीकडे बघितलं. कंबरेपर्यंत ओली. नडगीवरचं रक्त.

"हे लिवलंस तवा वर होतीस?"

वहिनींनी डब्याचा पोचा चाचपला. मग म्हणाल्या, "न्हाई."

"मग?"

"पाण्यात होते. मधेच पाय निसटला, माघारी फिरून खडकाला धरून उभी होते. वर चढाय जमंल का न्हाई, ठावं नव्हतं." त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. "लिवलं, फोन डब्यात टाकला, मग चढले. तुम्हाला पवाय येत न्हाई. पाण्यात हाय म्हणून लिवलं असतं तर तुम्ही उडी टाकली असती."

अण्णा तोंड फिरवून समुद्राकडे बघायला लागले. वहिनींनी रुमाल बांधलेला त्यांचा हात आपल्या मांडीवर, डब्याच्या शेजारी घेतला आणि तो किनारा येईपर्यंत तिथेच होता. मी अजिंक्यशी उगीचच शिडाबद्दल काहीतरी बोलत बसलो.

बेंगळुरूला परत आल्यावर त्या सहलीबद्दल दोघांपैकी कुणी बोललं नाही. पोचा आलेला डबा ठोकून सरळ करून आणू का, असं मी विचारलं तर वहिनी नको म्हणाल्या.

मग एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. निमित्त अर्थातच एका झाकणाचं. वहिनी कामाला गेलेल्या, अण्णा ओट्यापाशी, चहा झाकलेला. फोन वाजला. मेसेज नव्हता, फोन होता. अण्णांनी तो उचलून कानाला लावला.

"पोचले," वहिनींचा आवाज मलाही ऐकू आला. मागे बसचा हॉर्न वाजत होता.

"खरं सांग," अण्णा म्हणाले.

पलीकडे वहिनी हसल्या. "न्हाई. पुलाच्या अलीकडंच हाय अजून. गाड्याच हलंनात. तुम्ही च्या घ्या की."

"सरी," अण्णा म्हणाले. "मी हाय हितंच. बंद करू नको."

आणि फोन कानाला लावून बसून राहिले. दोघं बोलत नव्हती. होसकोटेच्या रस्त्याचा गोंगाट तेवढा येत होता. मी झाकण ओट्यावर ठेवलं. मला ऑफिसला उशीर होत होता, तरी मी तिथेच खुर्ची ओढून बसलो. बऱ्याच वेळाने पलीकडून गेटवरच्या वॉचमनची कानडी हाक ऐकू आली आणि वहिनी म्हणाल्या, "आत आले. ठेवते आता."

अण्णांनी फोन ठेवला आणि कपावरचं झाकण काढलं. चहावर साय धरली होती. त्यांनी तो तसाच गार प्यायला.